केसरची वाट

माझ्या सुनेनं नवरा टाकला न्हाय, चिखल टाकला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या आळीत ज्याला त्याला दुसऱ्याच्या घरातलं जास्त कळतं. कोण म्हणे सासूनं छळलं, कोण म्हणे पोराचंच कुठं तरी लफडं असेल. सासू म्हंजे मी, नीराबाई. मी छळलं असतं तर तसं सांगितलं असतं, मला कुणाची भीती पडलीय?

उरणच्या अलीकडं, खाडीला लागून आमची आगरी आळी. पुढं मिठागरं, मागं भाताची शेतं आणि मधे आमची घरं, ती सगळी चिकण मातीवर. ही माती लय हट्टी. पावसात पाय धरला की सोडत न्हाय, आणि वैशाखात उन्हानं अशी फाटते की माझं एक जोडवं भेगेत गेलं ते अजून वर आलं न्हाय. घरापासून विहिरीपर्यंत जायचं तर हीच माती तुडवत जायचं. आम्हा बायकांना त्याचं काही वाटत न्हाय. आम्ही पायाची बोटं रोवून चालतो, आणि चालता चालता भांडतोसुद्धा.

केसर काशीदची. तिकडं दारात रेती, परसात रेती, ताटात मासळीबरोबर चिमूटभर रेती. आमच्या सदूशी तिचं लग्न झालं तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. वैशाखातलं लग्न, जमीन कडक होती, पोर ठुमकत चालली. आमची माती काय चीज हाय ते तिला आषाढात कळलं. एकदा पडली तेव्हा हंडा चेपला. पुन्हा पडली तेव्हा आळी हसली. आणि मग एकदा आमच्या दारासमोरच पडली. ओटीवर सदू उभा होता, कुणाच्या तरी बारशाला निघालेला, पांढरं धोतर नेसून. तो हसला. नुसता हसला न्हाय, खांब धरून हसला.

केसर आपली आपण उठली, रिकामा हंडा उचलला आणि घरात आली. रडली न्हाय, भांडली न्हाय. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. गौरीला म्हायेरी गेली ती तिकडचीच झाली. दिवाळी उलटल्यावर सदू तिला आणायला गेला आणि हातात एक नारळ घेऊन एकटाच परत आला.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“म्हणाली, विहिरीपासून दारापर्यंत वाट करा. भर पावसात, डोक्यावर भरला हंडा घेऊन, खाली न बघता मला चालता आलं पाहिजे. तवर मी हितंच.”

“आणि?”

“आणि म्हणाली, लवकर करा, मी वाट बघते.”

“मग हा नारळ कसला?”

“तो तिच्या आयेनं दिला. तुला.”

नारळाची मी चटणी केली. सदूनं ती तोंडाला लावली न्हाय. त्या दिवसापासून तो भाकरी मोडायचा आणि नुसता बघत बसायचा. मीही काही सुखात नव्हते. मला ती पोर आवडायची, सांगून टाकते. मिठाच्या पाण्यानं माझ्या टाचा फुटलेल्या, त्यांना ती रोज खोबरेल लावायची, आणि लावता लावता मलाच ओरडायची की एवढ्या फुटेपर्यंत काय करत होता. पोटच्या पोरानं माझ्या टाचेकडं कधी बघितलं न्हाय.

माझा दीर काळूराम एक दिवस ओटीवर येऊन बसला. त्याच्यासारखा मिठाचा वाफा उरणात कुणी करत न्हाय, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, आणि वाईट एवढंच की ते खरं हाय.

“वयनी,” तो म्हणाला, “रेतीवरची पोर चिखलात टिकायची न्हाय. येत्या पावसात आली न्हाय तर पंचांना बसवू, काडी मोडू आणि हितलीच एखादी बघू. चिखलातली.”

“काका,” सदू आतून म्हणाला, “आपण वाट करू.”

काळूराम मनानं वाईट न्हाय. काम म्हटलं की त्याला राहवत न्हाय, मग ते कशाचं का असेना. चैत्र लागला तसे आळीतले बापये दिवसभर मिठागरात आणि उन्हं उतरली की आमच्या दारात. माती खणली, ढेकळं फोडली, पाणी मारलं आणि सगळे ओळीनं उभे राहून पायांनी तुडवायला लागले. मग फळीनं चोपलं, मग परत तुडवलं. वाफ्याचा तळ असाच करतात. खाली थेंब झिरपता कामा नये आणि वर पाणी सगळीकडं सारखं उभं राहिलं पाहिजे. दोन्ही कडांना त्यांनी वीतभर उंचीचे छान बांध घातले. का घातले ते विचारू नका. आगऱ्याच्या हाताला कड उघडी ठेवता येत न्हाय. मलाही तेव्हा काही खुपलं न्हाय. मी रोज त्यांना चहा करून देत होते आणि बांध किती सरळ आलेत ते बघत होते.

वाट झाली. आता वाफा झाला की त्यात पाणी सोडून तो गळतो का ते बघायचं, ही आमची रीत. उधाणाची भरती आली तशी काळूरामनं खाडीच्या बाजूनं पाणी घेतलं. विहिरीकडच्या टोकाला मात्र दुहेरी बांध घातला, गोड्या पाण्यात खारं जाऊ नये म्हणून. तेवढी अक्कल शिल्लक होती. संध्याकाळी आमच्या दारापासून पार विहिरीपर्यंत पाणीच पाणी. काळूरामनं त्यात काठी रोवली आणि पाण्याच्या रेघेवर चुन्याचं बोट ओढलं.

सकाळी अख्खी आळी जमली. पाणी चुन्याच्या रेघेला लागून उभं होतं.

“एक थेंब गळला न्हाय,” काळूराम म्हणाला. “असा वाफा माझ्या बापाला जमला नव्हता.”

बापयांनी सदूच्या पाठीवर थापा मारल्या. सदूची छाती फुगली. बायका कौतुकानं वाकून पाणी बघत होत्या. आणि मी, चूल पेटवायची होती म्हणून हंडा काखेत घेऊन विहिरीला निघाले, आणि पाय टाकायला जागा बघायला लागले.

“भावजी,” मी म्हटलं, “वाफा फक्कड झालाय. आता माझी सून यातनं चालत येईल का पोहत?”

सदूची छाती हळूहळू जाग्यावर आली. काळूराम काठीकडं बघत राहिला.

बांध फोडा म्हटलं तर काळूराम आडवा आला. असला वाफा फोडायला त्याचा जीव होईना. उन्हानं आटू दे, म्हणाला. वैशाखाचं ऊन ते, आटवायला काय उशीर. पाणी आटलं आणि मागं काय राहिलं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या दारापासून विहिरीपर्यंत पांढरंशुभ्र मीठ चमकायला लागलं. पहिल्या दिवशी शेजारची शेळी आली. दुसऱ्या दिवशी शेळीनं गावभर सांगितलं असावं, कारण सगळ्या आळीच्या गाई, वासरं आणि एक रेडा आमच्या दारात उभे राहून वाट चाटत होते. हाकललं की जायचे आणि मी वळले की परत यायचे. त्यांनी चाटून चाटून, खुरांनी उकरून, वर शेण टाकून वाटेची अशी वाट लावली की काही विचारू नका. जे उरलं ते उन्हानं फाटलं, आणि भेगेत आता एक सोडून दोन जोडवी गेली असती.

सदू त्या भेगांशी बसून होता. “आये,” तो म्हणाला, “ती न्हाय येणार.”

मला त्याचा राग होता, तो काही गेला नव्हता. तरी पोटचा पोर तो. पाऊस तोंडावर आलेला, आणि काळूरामनं पंचांचं नाव परत एकदा काढलेलं. मी लुगडं बदललं, फडक्यात भाकरी बांधली आणि निघाले. करंज्याहून तरीनं रेवस, तिथून एस्टी, रेवदंड्याला परत होडी आणि पुढं एक बैलगाडीवाला. गाडीवाल्यानं मला वाटभर त्याच्या सासूच्या तक्रारी सांगितल्या. मी त्याला सासूची बाजू समजावली, तेव्हा तो गप बसला.

केसरची आय कोकिळा, माझी विहीण. जिभेनं माझ्यापेक्षा वरचढ, एवढं सांगितलं म्हंजे झालं. तिनं दारात पाय धुवायला तांब्या दिला. मी पायावर पाणी ओतलं आणि सवयीनं बाजूला सरकले, चिखलात पाय जाऊ नये म्हणून. खाली बघते तर चिखल न्हाय. पाणीही न्हाय. मी म्हटलं, आणखी एक तांब्या द्या. तोही ओतला. तोही गेला. मी तिसरा मागितला.

“विहीणबाई,” कोकिळा म्हणाली, “पाय धुताय का आमच्या रेतीला पाजताय?”

मी त्यांच्या विहिरीकडं जाणारी वाट बघत होते. रेतीवर चपटे दगड बसवलेले, मधोमध जरा उंच आणि दोन्ही कडा उघड्या. मोरीचं पाणी त्यावर सांडलं की बाजूला पळायचं आणि माडांच्या मुळाशी जायचं. कुठं बांध न्हाय. मला आधी कसंनुसंच झालं, कुणाचं तरी अंग उघडं दिसावं तसं. मग डोक्यात उजेड पडला. आमचा जलम गेला पाणी धरून ठेवण्यात. ही माणसं त्याला जाऊ देतात, आणि त्यांचं काही बिघडत न्हाय.

तेवढ्यात त्या वाटेनं केसर आली. डोक्यावर हंडा, नजर समोर. मला बघितलं तशी थबकली, हंडा उतरवला आणि पाया पडायला वाकली. वाकली ती उठेचना.

“आये, या टाचांचं काय करून घेतलंत?” ती म्हणाली, आणि आत जाऊन खोबरेल घेऊन आली.

ती तेल लावत बसली तेव्हा मी विचारलं, “सदू हसला म्हणून रागावलीस ना गो?”

“हसण्याचं काय एवढं, आये. सगळी आळीच हसली होती.” ती टाच चोळत राहिली. “मी पडले तर ते पायरीवरून खाली उतरले न्हाईत. धोतर मळेल म्हणून.”

माझा पोरगा दिवसभर गुडघाभर चिखलात असतो. नेमकं बायको पडली तेव्हा त्याला धोतर आठवलं. मी मनाशी ठरवलं की हे सदूला सांगायचं न्हाय. सासूनं पढवून पाठवलेला नवरा तिच्या काय कामाचा?

निघताना कोकिळा म्हणाली, “मुलगी पाठवत न्हाय हां मी, आधीच सांगते.”

“मुलगी कोण मागतंय?” मी म्हटलं. “मला रेती द्या.”

ती आधी माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग हसायला लागली ती पदर तोंडात घालून. आमच्याकडचा मिठाचा मचवा मुरुडला जातो आणि येताना रिकामाच येतो. त्याला काशीदला थांबवला आणि होडीनं रेती नेऊन त्यात भरली. पहिली पाटी केसरनं भरली. माझ्याकडं मात्र तिनं बघितलं न्हाय.

मचवा आमच्या खाडीत लागला तेव्हा आळी बघायला आली. नवऱ्या मुलीच्या ऐवजी रेती आलेली त्यांनी पहिल्यांदाच बघितली. मी सगळ्यांना कामाला लावलं. ती चाटलेली वाट गुडघाभर खोल खणून काढली, कारण ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वर जे काही असेल त्याला घेऊन हलते. तिच्या जागी टेकडीवरचा काळा दगड फोडून भरला. त्यावर मुरूम, पाणी मारून ठोकलेला. त्यावर काशीदची रेती, आणि रेतीत चपटे दगड बसवले, मधे बोटभर फट ठेवून, म्हंजे उन्हानं तापले तरी एकमेकांना ढुशा मारणार न्हाईत. मधोमध फुगीर, आणि दोन्ही बाजूंना खाडीकडं उतरते चर.

दगडाचं काम सोपं होतं. अवघड होते ते बापयांचे हात. बोलता बोलता, विडी ओढता ओढता कडेला माती चढायची आणि बांध उभा राहायचा. मी ओटीवर काठी घेऊन बसले. कुणी कडेला माती लावली की काठी. सदूला दोनदा बसली. एका सकाळी उठून बघते तर वाटेच्या एका कडेला बोटभर उंचीचा बांध, सुबक, गुळगुळीत केलेला. असा हात एकाचाच.

“भावजी, हे काय?”

“हात गप राहत न्हाय, वयनी,” काळूराम म्हणाला आणि त्यानंच तो पायानं मोडला. मोडताना दुसरीकडं बघत होता.

मृगाचा पाऊस झाला, आषाढातला मोठा पाऊस झाला. दगड हलला न्हाय. पाणी वाटेवर पडायचं आणि चरातनं पळायचं. काळूराम छत्री घेऊन उभा राहायचा आणि हळहळायचा, “बघा, बघा, सगळं चाललं.” सदूनं काशीदला निरोप धाडला.

श्रावणात केसर आली, बरोबर कोकिळा. गाडी विहिरीपाशीच थांबते, पुढं येतच न्हाय. पाऊस लागलेला. आळीतला प्रत्येक माणूस आपापल्या ओटीवर. आमच्या ओटीवर सदू, तेच पांढरं धोतर नेसलेला, त्याला दुसरं कुठं हाय? मी मात्र विहिरीपाशी, विहीणबाईंना उतरवून घ्यायला. केसरनं कुणाकडं बघितलं न्हाय. विहिरीचं पाणी शेंदलं, हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि पहिल्या दगडावर पाय ठेवला.

मी वाटेकडं बघत नव्हते. वाट मला ठाऊक होती. मी सदूच्या पायांकडं बघत होते, आणि मनात देवाचं नाव घेत होते. केसर चार-पाच दगड पुढं आली. पाण्यानं दगड चकाकत होते. सदूनं एक पाय पायरीवर ठेवला, मग खालच्या पायरीवर. मग तो उतरला. वाट एकाच माणसापुरती, तिच्यावर केसर चाललेली, म्हणून हा सरळ बाजूच्या मातीत घुसला. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. फचाक फचाक करत तिच्यापर्यंत गेला आणि दोन्ही हात पुढं धरून तिच्या बाजूनं चालायला लागला, पडलीच तर झेलायला.

“खाली बघू नको,” तो म्हणाला.

“मी बघत न्हाय,” केसर म्हणाली. “तुम्ही बघा.”

त्यानं बघितलं न्हाय. तो तिच्याकडंच बघत होता. त्याचा पाय मातीनं धरला आणि सदू, मिठागरात वाढलेला माझा पोरगा, आळीच्या देखत आडवा झाला. उठून बसला तेव्हा पांढरं म्हणावं असं अंगावर काही राहिलं नव्हतं. आळी हसली. कोकिळा तर गाडीचं चाक धरून हसली.

केसर थांबली. तिनं हंडा उतरवून वाटेवर ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं.

“धोतर मळलं,” ती म्हणाली.

“आता मी जाऊ का म्हायेरी?” सदूनं विचारलं.

तेव्हा ती हसली. गौरीपासून अडकून राहिलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं. आणि हसता हसता ती वाटेवरून खाली उतरली, त्या मातीत, जिच्या नावानं वर्षभर म्हायेरी बसली होती. तिनं सदूला हात दिला. त्यानं उठायच्या ऐवजी ओढला. पुढचं मी सांगत न्हाय, मी सासू हाय.

दोघंही तिथंच बसली होती आणि हंडा वाटेवर तसाच. काळूराम चराकडं बघत होता, त्याला दुसरं सुचत नव्हतं. मग मीच विहिरीकडून वाटेनं आले, केसरचा हंडा डोक्यावर घेतला आणि घराकडं निघाले. एवढा खटाटोप करून केलेली वाट, आणि सून आली त्या दिवशी त्या वाटेवरून दारापर्यंत आले ती मी एकटी. पायाखाली दगड थंड होते. टाचांना आता रोज तेल मिळणार होतं. मी खाली बघितलं न्हाय.